चांदीच्या सहा गुंड्या आणि 'होईल' म्हणणारा शिंपी

फार पूर्वी, शिवणाचं यंत्र अजून कुणी पाहिलं नव्हतं आणि प्रत्येक टाका हातानंच पडायचा त्या काळात, एका छोट्याशा राज्यात गोंदाजी नावाचा शिंपी राहत होता. त्याचा हात मोठा गुणी होता. माणूस दारातून आत येईपर्यंत नुसत्या नजरेनं तो त्याचं माप घेऊन टाकायचा, आणि त्यानं बेतलेला डगला अंगावर असा बसायचा की हा माणूस डगल्यासकटच जन्माला आला असावा असं वाटे.

खोड एकच होती. गोंदाजीला 'नाही' म्हणता येत नसे.

गिऱ्हाईक काहीही मागो, त्याचं उत्तर ठरलेलं असायचं: "होईल. त्यात काय एवढं?" एकदा गावच्या पैलवानानं वीतभर उरलेलं कापड आणलं आणि यातून मला बंडी शिवून दे म्हणाला. ते कापड त्याच्या एका दंडालासुद्धा पुरलं नसतं. गोंदाजी म्हणाला, होईल. बंडी झाली, पण तिला पाठ नव्हती. पैलवान बिचारा महिनाभर जिथं जाईल तिथं भिंतीला टेकून उभा राहायचा. कधी गोंदाजी एकाच दिवशी पाच जणांना पाच कपडे संध्याकाळपर्यंत कबूल करायचा, आणि संध्याकाळ झाली की मागच्या दारानं मारुतीच्या देवळात जाऊन खांबाआड बसायचा. लोक चिडायचे, पण पुन्हा त्याच्याकडेच यायचे. एक तर त्याचा हात चांगला, आणि दुसरं म्हणजे 'होईल' हा शब्द कानाला फार गोड लागतो.

त्याची बायको येसू त्याच दुकानात बसायची. गुंड्या लावणं, काजं करणं, अस्तर टाचणं ही सगळी तिची कामं. ती कमी बोलायची, पण खरं बोलायची. यात बाही बसणार नाही, हा रंग तुम्हाला शोभणार नाही, हे परवाशिवाय होणार नाही, असं सरळ सांगून टाकायची. म्हणून गिऱ्हाइकं तिला वळसा घालून गोंदाजीसमोर जाऊन बसत.

एके दिवशी राजवाड्यातून गोंदाजीला बोलावणं आलं.

झालं होतं असं, की शेजारच्या राज्याची आजीराणी आपल्या नातवासाठी इथली राजकन्या पाहायला येणार होती. आजीराणी करारी म्हणून प्रसिद्ध होती. तिनं यापूर्वी चार स्थळं नाकारली होती, आणि का नाकारली हेही त्यांना तोंडावर सांगितलं होतं. तिच्या स्वागतासाठी महाराजांना नवा डगला हवा होता. त्यासाठी दूर देशच्या व्यापाऱ्याकडून अतलस मागवली होती. अतलस म्हणजे तकतकीत रेशमी कापड. रंग मोराच्या मानेचा, आणि गुळगुळीत इतकी की चौरंगावर ठेवली तर आपली आपण घसरून खाली यायची. नोकरांनी ती तीनदा उचलून ठेवली होती, शेवटी एकाला तिच्यावर हात ठेवून उभं केलं होतं.

महाराजांनी एक डबी उघडून दाखवली. आत चांदीच्या सहा गुंड्या होत्या, त्यांच्या आजोबांच्या. एकेक आवळ्याएवढी, भरीव, वर हत्ती कोरलेला. याच गुंड्या लागल्या पाहिजेत, असं महाराज म्हणाले. शिवाय डगला अंगाला घट्ट हवा, म्हणजे पोट जरा आवरल्यासारखं दिसेल.

गोंदाजी म्हणाला, "होईल, महाराज."

राणीसाहेबांनी बजावलं, की डगल्याच्या आत कुठंही जाडंभरडं कापड लावायचं नाही. राजाचा डगला जसा बाहेरून तसाच आतून चकाकला पाहिजे. आणि टाका तर कुठंच दिसता कामा नये.

"होईल, राणीसाहेब."

प्रधानजी म्हणाले, पाहुण्यांचा मुहूर्त अलीकडे आला आहे. दहा दिवस नाहीत, चारच दिवस आहेत.

"होईल, प्रधानजी. त्यात काय एवढं?"

खरं तर गोंदाजीला पहिल्याच वाक्याला कळून चुकलं होतं. एवढी नाजूक अतलस, एवढं गुंडीचं वजन, त्यात डगला घट्ट आणि आतून आधार नाही. पोटातून एक 'नाही' वर येत होता, पण गळ्याशी येता येता त्याचं 'होईल' होऊन जात होतं.

घरी आल्यावर त्यानं कापड येसूपुढं ठेवलं. तिनं आधी हात धुतले, कोरडे केले. मग सर्वांत बारीक सुई घेतली आणि शिवणीत आत दडणाऱ्या कडेला एकदाच टोचून काढली. दोघांनी ती जागा उजेडात धरून पाहिली. सुईचं भोक तसंच होतं. येसूनं नखानं चोळलं, तोंडाची वाफ दिली, तरी ते मिटेना.

ती म्हणाली, "सुती कापड टोचलेलं विसरून जातं. हे विसरायचं नाही. इथं एकदा चुकली सुई, की चुकली."

मग तिनं एक गुंडी तळहातावर घेऊन तोलली आणि कसं करावं लागेल ते सांगितलं. प्रत्येक गुंडीच्या मागं आतून मांजरपाटाचा, म्हणजे जाड्याभरड्या सुती कापडाचा, तुकडा हवा. त्यामागं आणखी एक छोटी चपटी गुंडी हवी, म्हणजे ओढ कापडावर येणार नाही, त्या मागच्या गुंडीवर येईल. गुंडी कापडाला आवळून बांधायची नाही, दोऱ्याचा छोटा देठ ठेवायचा, फळाला असतो तसा. आणि डगला दोन बोटं सैल. एवढं केलं तर या गुंड्या टिकतील. नाहीतर हलक्या गुंड्या लावाव्या लागतील. आणि काम आठ दिवसांचं आहे.

गोंदाजीनं विचारलं, की हे महाराजांना सांगायचं कसं?

"तोंडानं," येसू म्हणाली.

गोंदाजी म्हणाला, तुला कळत नाही, तो राजा आहे, मान उडवील. येसूनं विचारलं, आजवर कुणाची उडवलीय? गोंदाजीनं पुष्कळ आठवून पाहिलं. एकदा महाराज आचाऱ्यावर रागावले होते, खिचडी करपली म्हणून. त्याची मुदपाकखान्यातून बागेत बदली केली होती. तो आता गुलाबांना पाणी घालायचा आणि पहिल्यापेक्षा जाड झाला होता. याखेरीज काही आठवेना.

तेव्हा गोंदाजीनं ठरवलं, की उद्या माप पक्कं करायला जायचं आहे, तेव्हा सगळं सांगून टाकायचं.

दुसऱ्या दिवशी वाटभर तो वाक्य घोकत गेला. "महाराज, हे असं जमणार नाही." ओढ्याकाठी एक म्हैस चरत होती, तिला त्यानं ते ठणकावून सांगितलं. म्हशीनं शांतपणे ऐकून घेतलं. गोंदाजीला धीर आला.

महाराज त्या दिवशी मजेत होते. माप देता देता त्यांनी विचारलं, "काय गोंदाजी, सगळं ठीक चाललंय ना?"

"होय, महाराज."

"काही अडचण? काही हवं असेल तर सांग."

"नाही, महाराज," गोंदाजी म्हणाला.

जन्मात पहिल्यांदा त्याच्या तोंडून 'नाही' निघाला होता, आणि तोही नेमका चुकीच्या जागी.

घरी आल्यावर येसूला त्याच्या चेहऱ्यावरूनच सगळं कळलं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, की बाकीचं सगळं मी करीन, पण आधाराशिवाय या गुंड्या माझ्या हातून लागायच्या नाहीत. कापड फाटणार हे माहीत असून मी सुई घालणार नाही.

म्हणून गुंड्या गोंदाजीनं स्वतःच लावल्या. जड गुंडीला जाड दोरा हवा, आणि जाड दोऱ्याला जाड सुई. दर टाक्याला अतलस बारीकसा कर्रकर्र आवाज करायची, आणि तो आवाज येसूला ऐकू जाऊ नये म्हणून गोंदाजी मोठ्यानं भजन म्हणायचा. टाका दिसू नये म्हणून त्यानं दोरा आवळून आवळून ओढला. चौथ्या दिवशी सकाळी डगला खुंटीवर टांगला, तेव्हा तो दुरून फार देखणा दिसत होता. जवळून पाहिलं, तर प्रत्येक गुंडीशी कापड झोप आलेल्या माणसाच्या पापणीसारखं खाली ओढलं होतं.

येसूनं तो नीट पाहिला आणि म्हणाली, "महाराजांना म्हणावं, उभेच राहा. बसू नका."

हे मात्र गोंदाजीनं सांगितलं, पण त्याच्या पद्धतीनं. डगला अंगावर चढवताना तो अदबीनं म्हणाला, की महाराज, हा डगला उभ्यानं फार शोभून दिसतो.

महाराजांना ते पटलं. आजीराणीची पालखी आली, तेव्हा ते उभ्यानं सामोरे गेले. दरबारात आल्यावरही सिंहासनापुढं उभेच राहिले. आता यजमान राजा उभा असताना पाहुण्यांनी कसं बसावं? आजीराणी आपली काठी टेकून उभी राहिली. मग राणीसाहेब, राजकन्या, सरदार, मानकरी, सगळेच उभे राहिले. भाटानं महाराजांच्या पूर्वजांची सोळा कडवी म्हटली, तीही उभ्यानं ऐकावी लागली. प्रधानजींचे गुडघे आधीच दुखरे, ते नवव्या कडव्यापासून खांबाला मिठी मारून होते. पाहुण्यांना वाटलं, इथला रिवाजच असावा. इथल्यांना वाटलं, पाहुण्यांकडचा रिवाज असावा. विचारलं मात्र कुणीच नाही.

दुपारी पंगत बसली. उभ्यानं जेवता येत नाही, त्यामुळे महाराजांना पाटावर मांडी घालावी लागली.

खांबाआड उभ्या असलेल्या गोंदाजीनं डोळे मिटले.

महाराज बसले, तेव्हा काही झालं नाही. त्यांनी चित्राहुती घातली, तेव्हाही काही झालं नाही. पण वरणभाताचा पहिला घास घ्यायला ते जरा पुढं वाकले, आणि टर्रकन आवाज होऊन पोटावरची गुंडी सुटली. ती समोरच्या आजीराणीच्या कढीच्या वाटीत जाऊन पडली. कढी आजीराणीच्या नाकापर्यंत उडाली. काय झालं ते पाहायला महाराज आणखी वाकले, तेव्हा दुसरी सुटली आणि श्लोक म्हणणाऱ्या भटजींच्या कपाळावर बसली. भटजींचा श्लोक मधेच तुटला. तिसरी पापडांच्या चळतीतून आरपार गेली. मग महाराजांनी घाबरून श्वास रोखून धरला. तो सोडला, तेव्हा उरलेल्या तिन्ही एकदम गेल्या.

प्रत्येक गुंडीबरोबर अतलसीचा रुपयाएवढा तुकडा निघून आला होता. मोराच्या मानेच्या रंगाला सहा भोकं पडली होती आणि त्यांतून महाराजांची जुनी पांढरी बंडी डोकावत होती.

हसावं की रडावं, कुणालाच कळेना. राजकन्येनं पदर तोंडात कोंबला होता.

आजीराणीनं नाक पुसलं. मग कढीत बोटं घालून गुंडी बाहेर काढली, पदरानं स्वच्छ केली आणि तिच्या मागं चिकटलेला तुकडा उलटसुलट करून पाहिला.

"कापड उत्तम आहे," ती म्हणाली. "गुंडीही उत्तम आहे. पण ही दोन्ही एकमेकांना सोसवणार नाहीत, हे सांगायला इथं कुणी नव्हतं का?"

महाराज लाल झाले. त्यांनी शिंप्याला बोलवा म्हटलं. गोंदाजी खांबाआडून निघाला. वाटेत प्रधानजींनी त्याला हळूच गाठलं. पाहुण्यांसमोर राज्याची शोभा व्हायला नको होती, आणि चार दिवसांची मुदत आपणच दिली होती हेही त्यांना आठवत होतं. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "गोंदाजी, अतलसीच्या व्यापाऱ्यानं दोरा कच्चा दिला होता. हो ना?"

फक्त 'हो' म्हणायचं होतं. जन्मभर तो तेच म्हणत आला होता. इथं 'हो' म्हटलं की सुटका होती, आणि दूर देशचा तो व्यापारी काही उत्तर द्यायला समोर नव्हता. गोंदाजीनं तोंड उघडलं. त्याला येसूनं उजेडात धरलेली ती कड दिसली, आणि ते न मिटणारं भोक दिसलं.

"नाही, प्रधानजी," तो म्हणाला. आवाज चिरका आला, पण आला. "दोरा पक्का होता. म्हणूनच कापड फाटलं. चूक माझी आहे. हे असं होणार, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"मग बोलला का नाहीस?" महाराजांनी विचारलं.

"भीती वाटली, महाराज."

"कुणाची?"

"आपली."

महाराजांना याचं खरंच आश्चर्य वाटलं. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. राणीसाहेब पानाकडे पाहत होत्या, सरदार छताकडे पाहत होते. मग महाराज म्हणाले, "अरे, मला कापडातलं काय कळतं? कळत असतं तर मीच नसता शिवला? तुला बोलावलं ते तुला कळतं म्हणून. नुसती मान हलवायला माझ्याकडे माणसं थोडी आहेत का?"

यावर भटजींना काय वाटलं कोण जाणे, कपाळ चोळत ते म्हणाले, की महाराज, सकाळी एवढा वेळ उभं कशासाठी केलं होतं ते काही कळलं नाही. वाढप्यानं सांगितलं, की कढी कालची आहे, पण सांगायचं कसं म्हणून गप्प होतो. भाट म्हणाला, त्या सोळा कडव्यांतली अकरा मी मनानंच रचली आहेत. महाराजांनी सगळं ऐकून घेतलं. अकरा कडव्यांचं त्यांना वाईट वाटलं, पण तेही ऐकून घेतलं.

शेवटी आजीराणीनं राजकन्येला जवळ बोलावलं आणि विचारलं, की पोरी, आमच्या नातवाची तसबीर तू पाहिली आहेस, तुला तरी तो पसंत आहे का? राजकन्येनं वडिलांकडे पाहिलं. हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"मुलगा पसंत आहे," ती म्हणाली. "पण लग्न यंदा नको. माझं वीणेचं शिक्षण दोन वर्षं राहिलंय."

राणीसाहेबांनी कपाळाला हात लावला. आजीराणी मात्र मोठ्यानं हसली. ती म्हणाली, आधीच्या चार घरी मला एकही मुलगी 'नको' म्हणाली नाही, म्हणून तर ती स्थळं मी नाकारली. घरात येणाऱ्या मुलीच्या मनात काय आहे ते कळायचं कसं? दोन वर्षं आम्ही थांबू.

त्याच दुपारी वाड्यावर येसूला बोलावलं. तिनं डगला पाहून स्पष्ट सांगितलं, की पहिल्यासारखा तो आता कधीच होणार नाही. भोकं बुजत नाहीत. पण समोरून अतलसीची एक पट्टी लावता येईल, आतून मांजरपाट घालावा लागेल आणि गुंड्या कापडाच्या, हलक्या कराव्या लागतील. राणीसाहेबांनी भीत भीत विचारलं, की मांजरपाट बोचेल का?

"पहिले दोन दिवस बोचेल," येसू म्हणाली. "मग धुऊन मऊ होईल."

काम आठ दिवसांत झालं. आजीराणी तेवढे दिवस मुद्दाम राहिली आणि रोज दुपारी येसूजवळ बसून दोऱ्याचा देठ कसा धरायचा ते शिकली.

गोंदाजीला शिक्षाही झाली. महाराजांनी फर्मावलं, की महिनाभर रोज सकाळी दरबारात यायचं आणि रोज मला एका गोष्टीला 'नाही' म्हणायचं. पहिल्या दिवशी महाराज म्हणाले, आज हवा छान आहे. गोंदाजीला दरदरून घाम फुटला. तो म्हणाला, "नाही, महाराज," आणि लगेच म्हणाला, "म्हणजे तशी छानच आहे, पण जरा उकडतंय." दहाव्या दिवशी त्याला घाम आला नाही. तिसाव्या दिवशी महाराजांनी फेट्यात अकरा मोरपिसं खोवण्याचा बेत सांगितला. गोंदाजी शांतपणे म्हणाला, "नाही, महाराज. लोकांना मोर दिसेल. तुम्ही दिसणार नाही." महाराज थोडा वेळ फुगून बसले, मग एकच पीस लावून बाहेर आले.

एकतिसाव्या दिवशी गोंदाजीनं दुकान उघडलं. एक बाई भाचीच्या बारशासाठी तीन झबली शिवायला कापड घेऊन आली. संध्याकाळपर्यंत तिन्ही हवीत म्हणाली. गोंदाजी म्हणाला, आज एकच होईल, उरलेली दोन परवा. बाई रागावली, कापड उचलून बाहेर गेली, गल्लीच्या टोकापर्यंत गेली, आणि परत आली. तिनं कापड येसूपुढं ठेवलं. ऊन असतानाच पहिलं झबलं तयार होतं, आणि संध्याकाळी गोंदाजी आपल्या ओट्यावर, रस्त्यावरून दिसेल असा, पाय पसरून बसला होता.

तात्पर्य: जे जमणार नाही ते वेळेवर सांगावं, आणि ज्याच्या हाती हुकूम आहे, त्यानं 'नाही' ऐकायची सवय ठेवावी. न बोललेला 'नाही' शेवटी भर पंगतीत, सगळ्यांसमोर बोलतोच.